दोन तक्त्यांच्या मधली विद्यार्थिनी

डिसेंबर १९७५. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तीस वैज्ञानिक स्त्रिया एकत्र जमल्या, सगळ्या अल्पसंख्याक समाजांतल्या. अमेरिकन असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या वैज्ञानिकांच्या संस्थेने पुढच्या वर्षी या बैठकीचा अहवाल काढला, ‘द डबल बाइंड’ म्हणजे दुहेरी कोंडी. शर्ली माल्कम, पॉला हॉल आणि जॅनेट ब्राउन यांनी तो लिहिला. स्त्रियांसाठीच्या योजना आखताना डोळ्यांपुढे गोरी स्त्री असते आणि अल्पसंख्याकांसाठीच्या आखताना पुरुष, हे त्यातलं दुखणं. आकडेवारीतही तेच होतं. एक तक्ता स्त्री-पुरुषांचा, दुसरा वंशांचा. कृष्णवर्णीय विद्यार्थिनी दोन्हींत मोजली जायची, पण विज्ञानाच्या शिक्षणातून ती किती आणि कुठे गळली हे एकाही तक्त्यातून कळत नसे.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सरकारी आकडेवारीसाठी वंशाचे रकाने ठरवून दिले. १९८० च्या कायद्याने नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेवर विज्ञानातल्या स्त्रिया आणि अल्पसंख्याकांबद्दल दर दोन वर्षांनी अहवाल देण्याची जबाबदारी टाकली. पहिला १९८२ मध्ये आला. एकाहून अधिक वंश नोंदवायची मुभा मात्र १९९७ मध्ये मिळाली. तोवर मिश्र कुटुंबातल्या मुलाने आई निवडायची की वडील?

रकान्यांनी बरंच झाकलंही. ‘आशियाई’ म्हटलं की चिनी आणि हमोंग (आग्नेय आशियातून निर्वासित म्हणून आलेला समाज) विद्यार्थी एकाच सरासरीत जातात. वर्गात मूळ अमेरिकी (तिथल्या आदिवासी समाजातले) विद्यार्थी दोनच असतील, तर संशोधक त्यांना मोठ्या गटात मिसळतो किंवा वगळतो. संख्याशास्त्राची अडचण खरी आहे, पण वगळलं जाणं हेही त्या दोघांच्या वाट्याला आलेलं वास्तवच आहे.

आणि नुसत्या मोजणीने कारण सापडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, गणिताचे अभ्यासक यूरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये का मागे पडतात हे शोधलं. प्राध्यापकांची उत्तरं तयार होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरची परिस्थिती. ट्राइसमन वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष पाहत राहिले. चिनी मुलं गणितं एकत्र बसून सोडवत, चुका एकमेकांना दाखवत. कृष्णवर्णीय मुलं तितकीच झटत, पण एकेकटी. यातून निघालेल्या गट-कार्यशाळांनी निकाल पालटले. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

२०२० मध्ये एका मोठ्या एकत्रित विश्लेषणाने दाखवलं की विद्यार्थ्यांना वर्गात कृती करायला लावणाऱ्या अध्यापनाने अल्पसंख्याक किंवा गरीब घरांतले विद्यार्थी आणि बाकीचे विद्यार्थी यांच्यातली परीक्षेतल्या गुणांची दरी सरासरी ३३ टक्क्यांनी घटते. त्यासाठी मूळ अभ्यास करणाऱ्यांकडून गटवार आकडे मागवावे लागले. छापील निबंधांत बहुतेकदा सगळ्या वर्गाची मिळून एकच सरासरी होती.