इनाबा

इनाबा : व्यसनात अडकलेल्या किंवा मनाची घडी विस्कटलेल्या तरुणांना सूफी साधनेच्या आधाराने सावरण्याची इंडोनेशियातील निवासी पद्धती. या अरबी शब्दाचा अर्थ ‘ईश्वराकडे परतणे’ असा आहे. पश्चिम जावातील तासिकमलाया जिल्ह्यात असलेल्या सुर्यालाया या पेसांत्रेनमध्ये, म्हणजे निवासी इस्लामी पाठशाळेत, 1970 च्या दशकापासून ती आकाराला आली. पाठशाळेच्या नावातला ‘सूर्य’ आपल्या ओळखीचाच आहे. जावा बेटावरील भाषांत संस्कृत शब्द असे खोलवर रुजले आहेत.

ही पाठशाळा 5 सप्टेंबर 1905 रोजी शेख अब्दुल्ला मुबारक यांनी स्थापन केली. ते कादिरिया व नक्शबंदिया या दोन सूफी परंपरांच्या संगमातून निघालेल्या पंथाचे गुरू होते. हा संगम एकोणिसाव्या शतकात बोर्निओतील सांबास येथून मक्केत जाऊन राहिलेल्या अहमद खातिब यांनी घडवला. अब्दुल्ला मुबारक यांना लोक ‘आबाह सपूह’ (थोरले आबा) म्हणत आणि त्यांच्यानंतर धुरा वाहणारे त्यांचे पुत्र अहमद शोहिबुलवफा ताजुल आरिफीन (1915–2011) हे ‘आबाह आनोम’ (धाकटे आबा) म्हणून ओळखले गेले. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या मुलांना घेऊन हताश पालक या धाकट्या आबांकडे येऊ लागले, तेव्हा त्यांनी पाठशाळेतली नित्यसाधनाच उपचार म्हणून वापरली.

या पद्धतीचा गाभा जिक्र म्हणजे नामस्मरण हा आहे. आरंभी गुरू ‘तल्कीन’ देतो, म्हणजे नाम कसे घ्यायचे ते शिष्याला समोर बसवून शिकवतो. त्यानंतर प्रत्येक अनिवार्य नमाजानंतर ‘ला इलाहा इल्लल्लाह’ हे वचन मोठ्याने 165 वेळा म्हटले जाते; शब्द नाभीपासून मस्तकाकडे, तिथून उजवीकडे आणि शेवटी डावीकडे हृदयावर आणण्याची लय त्यात असते. पुढचे मूक स्मरण केवळ अंतःकरणात चालते. मध्यरात्र उलटल्यावर, साधारण दोनच्या सुमारास उठून थंड पाण्याने स्नान करायचे आणि मग नमाज व जिक्र करायचे, असा क्रम असतो. नशेत असताना, काय बोलतो हे उमजेपर्यंत नमाजाजवळ जाऊ नये, असे सांगणारी कुराणातील आयत (4:43) स्नानाचाही उल्लेख करते आणि धाकट्या आबांनी या स्नानाला तिचाच आधार दिला.

येथे राहणाऱ्या तरुणाला ‘आनाक बिना’, म्हणजे घडवायचे मूल, असे म्हणतात. गुन्हेगार किंवा रोगी असा शिक्का न मारता त्याला शिकणारा मानणारे हे नाव, या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू होय. ठरलेली वेळ, समूहाची सोबत आणि विश्वासाचा गुरू यांनी सैरभैर मनाला आधार मिळतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र तीव्र नैराश्य किंवा नशा सुटतानाचे शारीरिक त्रास यांवर वैद्यकीय उपचार लागतातच. थंड स्नान आणि अपुरी झोप प्रत्येक प्रकृतीला मानवेल असेही नाही.

सुर्यालाया येथे आज शाळांबरोबर उच्च शिक्षणाचीही सोय आहे, आणि इनाबाचा प्रसार मलेशिया व सिंगापूरपर्यंत झाला आहे. दर चांद्रमासाच्या अकराव्या तिथीला कादिरिया परंपरेचे मूळपुरुष अब्दुल कादिर जिलानी यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या मेळाव्यात थोरल्या आबांचा ‘तनबीह’ हा उपदेश वाचला जातो : थोरांचा मान राखा, बरोबरीच्यांशी भांडू नका, धाकट्यांना तुच्छ लेखू नका, गरिबांवर माया करा.