किल्ली फिरतेय तोवर

वडिलांच्या जुन्या गाडीची किल्ली फिरवायची एक रीत होती. पूर्ण आत सारायची, मग केसभर बाहेर ओढायची, डाव्या हाताने स्टेअरिंग जरासं हलवायचं आणि त्याच क्षणी मनगट वळवायचं. घरातल्या चौघांच्याही हाताला ही रीत इतकी बसली होती की हा बिघाड आहे असं कुणाला वाटेनासं झालं होतं. मग जुलैतल्या एका संध्याकाळी, भर पावसात, मंडईबाहेर किल्ली फिरायचीच थांबली. गाडी ओढून न्यावी तर स्टेअरिंगही कुलूपबंद आणि पुढची चाकं एका बाजूला वळलेली. शेवटी मिस्त्रींना तिथेच बोलवावं लागलं. किल्ली हातात घेऊन, उजेडात धरून पाहत ते म्हणाले, “फिरत होती तेव्हा आणायला हवी होती साहेब, अर्ध्या तासाचं काम होतं. आता ड्रिल लावावं लागेल.”

तेव्हा मला ते वाक्य समजलं नव्हतं. कुलूप उघडून आतले भाग वर्तमानपत्रावर मांडले गेले, तेव्हा समजलं.

इग्निशनच्या कुलपाचा जो गोल भाग किल्लीबरोबर फिरतो त्याला गॅरेजमध्ये ‘बॅरल’ म्हणतात. तो एका घट्ट बसणाऱ्या घरात असतो. बॅरलला आडव्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत पितळेची एक पातळ पत्ती, तिच्या बाजूला केसासारखी बारीक स्प्रिंग. पत्तीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते आणि किल्ली या सगळ्या खिडक्यांमधून आरपार जाते. किल्ली नसताना स्प्रिंगा पत्त्यांना बॅरलच्या बाहेर ढकलून धरतात. पत्त्यांची टोकं घराच्या खोबणीत अडकतात, म्हणून बॅरल फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिच्या उंचसखल कडेवर प्रत्येक पत्ती नेमकी इतकीच सरकते की तिचं कुठलंच टोक बाहेर राहत नाही. सगळ्या पत्त्या एकाच वेळी बॅरलच्या पोटात गेल्या की बॅरल मोकळा.

किल्लीवरच्या खाचांच्या खोलीच्या ठरलेल्या पायऱ्या असतात आणि एका पायरीत आणि पुढच्या पायरीत फरक असतो साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणजे या कुलपाची सारी हुशारी नखाच्या जाडीएवढ्या अंतरात साठवलेली आहे. दिवसातून चार-सहा वेळा किल्ली आत-बाहेर होते आणि दर खेपेला धातू धातूवर घासतो. त्यात धूळ गेली की ती कानशीसारखं काम करते. किल्लीची शिखरं बोथट होतात, पत्तीच्या खिडकीची कड झिजते. दोन्हीकडची झीज एकत्र आली की पत्ती हवी तितकी उचललीच जात नाही. तिचं टोक बाहेर राहतं, तेही अगदी थोडं, पण कुलपाला तेवढं पुरतं.

मग किल्ली केसभर बाहेर ओढल्यावर ती का फिरायची? किल्लीवरच्या खाचांना उतार असतात. किल्ली जराशी मागे ओढली की पत्ती खाचेच्या तळावरून उतारावर चढते आणि झिजेमुळे जेवढी उंची कमी पडत होती तेवढी तिला मिळते. आम्ही चौघं न कळत, बोटांच्या अंदाजाने, रोज तेवढी उंची भरून काढत होतो. ज्यांची किल्ली असं करायला लावते त्यांनी याच टप्प्यावर जागं व्हावं असं मी कळकळीने सांगेन. एक साधी चाचणी घरीच होते. कपाटातली दुसरी, फारशी न वापरलेली किल्ली काढा आणि तिने फिरवून पाहा. ती लोण्यासारखी फिरली तर झीज मुख्यतः पहिल्या किल्लीची आहे. तीही अडली तर पत्त्या गेल्या आहेत.

इथे बहुतेक घरांत होणारी एक चूक सांगतो, कारण आम्हीही ती केली होती. किल्ली झिजली म्हणून आम्ही तिच्यावरूनच नवी करून आणली. नक्कल करणाऱ्या यंत्रात एका बाजूने जुनी किल्ली एका टोकावरून सरकते आणि दुसऱ्या बाजूला कातणारं चाक हुबेहूब तीच रेषा कोऱ्या पट्टीवर कोरतं. झिजलेली रेषा दिली तर झिजलेलीच उतरते, शिवाय यंत्राची स्वतःची थोडी चूक तिच्यात मिसळते. खरा उपाय वेगळा आहे. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्यात बऱ्याचदा धातूची किंवा प्लास्टिकची छोटी पट्टी असते, तिच्यावर किल्लीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून किल्ली कातली तर कारखान्यातली मूळ खोली परत मिळते, मग हातातली किल्ली कितीही गुळगुळीत झालेली असो. ती पट्टी गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवा, जुडग्यात नको.

तेलाबद्दलही दोन शब्द. किल्ली अडली की घरात जे असेल ते आत सोडायचा मोह होतो, शिलाई मशीनचं तेल, कधी खोबरेल. पहिले काही दिवस किल्ली झकास फिरते. मग त्या तेलात धूळ आणि पितळेचा भुगा बसून त्याची पेस्ट होते आणि बारीक स्प्रिंगा तिच्यात रुततात. कुलपाला ग्रॅफाइट मानवतं. शिसपेन्सिलीतलं शिसं म्हणजे मातीत मिसळलेलं ग्रॅफाइटच. त्यातल्या कार्बनचे थर खेळायच्या पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात आणि कोरडे असल्याने धूळ धरून ठेवत नाहीत. किल्लीच्या दोन्ही कडांवर मऊ पेन्सिल घासून ती चार-पाच वेळा आत-बाहेर करणं हा जुना उपाय म्हणूनच लागू पडतो. फक्त ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे. ते मुठीने ओतलं तर मागच्या विजेच्या स्विचपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा चिमूटभरच.

आता स्टेअरिंगच्या लॉककडे येतो, कारण त्या संध्याकाळी आमची खरी अडचण तिथे होती. बॅरलच्या खाली पोलादाची एक जाड खिट्टी असते, जुन्या वाड्यांच्या दारांना असायची तशीच, फक्त स्प्रिंगवर बसवलेली. स्टेअरिंगच्या दांड्यावर खाचा असलेलं कडं असतं. किल्ली काढून घेतली की खिट्टी मोकळी होते आणि दांडा फिरता फिरता खाच समोर आली की टक्कन आत बसते. किल्ली घालून फिरवली की बॅरलला जोडलेला उंचवटा तिला परत वर ओढतो.

गाडी उभी करताना चाकं वळलेली राहिली तर रबरी टायर जमिनीला धरून पिळलेले राहतात, ओला टॉवेल पिळून धरावा तसे. ते सरळ व्हायला बघतात आणि तो जोर दांड्यातून थेट खिट्टीच्या कुशीवर येतो. खिट्टी खाचेच्या भिंतीवर दाबली जाते. जेवढा दाब जास्त तेवढं घर्षण जास्त, आणि तिला वर ओढायचं काम आपल्या दोन बोटांतल्या पातळ किल्लीवर पडतं. म्हणून जोर किल्लीवर लावायचा नसतो. स्टेअरिंग ज्या बाजूला किंचित सैल लागतं त्या बाजूला धरून ठेवा, दाब सुटतो आणि किल्ली एका बोटाने फिरते. उलट किल्लीवरच जोर काढला तर आधीच झिजलेल्या पत्त्यांच्या कडा आणखी चेपतात. आमच्या गाडीत वर्षानुवर्षं हेच झालं होतं.

या खिट्टीने चोरीला खरोखर आळा घातला आहे. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती नव्या आणि जुन्या दोन्ही गाड्यांना सक्तीची केली, आणि गाड्यांच्या चोऱ्या तिथे ठळकपणे घटल्या. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती फक्त नव्या गाड्यांना आली, तेव्हा चोर जुन्या गाड्यांकडे वळले. अमेरिकेत स्टेअरिंग किंवा गाडीचं पुढे जाणं अडवणारं कुलूप १ जानेवारी १९७० पासून सक्तीचं झालं. चोराला सहजी खोलता येऊ नये म्हणून हे कुलूप स्टेअरिंगच्या दांड्याला ज्या बोल्टांनी बसवतात त्यांची डोकी आवळतानाच तुटून पडतात, मग त्यांना पाना लावायला जागाच उरत नाही. बॅरल बाहेर काढायचा तर बहुतेक गाड्यांत आधी किल्ली घालून ती पहिल्या खटक्यापर्यंत फिरवावी लागते, तेव्हाच त्याला धरून ठेवणारी बारीक पिन भोकासमोर येते आणि दाबता येते. मालकाजवळ फिरणारी किल्ली आहे हाच कुलपाजवळचा एकमेव पुरावा. ती फिरेनाशी झाली की मिस्त्री आणि चोर यांच्यात कुलपाला फरक करता येत नाही. मिस्त्रींचं वाक्य मला कळलं ते असं.

बॅरलच्या मागे विजेचा स्विच असतो. किल्ली न फिरणं वेगळं आणि किल्ली फिरूनही गाडी न ऐकणं वेगळं. दुसरा आजार बहुधा या स्विचचा. सेल्फच्या मोटरचा शंभराहून जास्त अँपिअरचा प्रवाह यातून जात नाही, त्यासाठी वेगळा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा जाड स्विच, असतो. पण पंखा, वायपर, इग्निशन असा बराच भार याच तांब्याच्या टिकल्यांवरून जातो. दर खेपेला जोड सुटताना बारीक ठिणगी पडते आणि टिकलीवर काळा थर चढतो. समजा १५ अँपिअर प्रवाह आहे आणि जोडात रोध आला ०.१ ओहम. उष्णता होते १५ × १५ × ०.१, म्हणजे २२.५ वॅट, जवळजवळ एका लहान सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी, आणि तीही काडेपेटीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत. वर बॅटरीच्या १२ व्होल्टांतले दीड व्होल्ट वाटेतच जातात. किल्ली हलवली की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात किंवा खड्ड्यात गाडी क्षणभर गचकते, त्याचं मूळ बरेचदा इथेच सापडतं. हा स्विच पॉलिश पेपरने घासून परत बसवणारे आहेत. माझं मत, बदलावाच. टिकलीवरचा मूळ लेप एकदा ठिणगीने खाल्ला की घासून तो परत येत नाही.

याच स्विचमधल्या एका क्षुल्लक भागाने मोठा अनर्थ घडवला आहे. किल्लीचे जे खटके बोटांना जाणवतात ते स्प्रिंगवर बसलेली एक छोटी खुंटी खळग्यात पडल्यामुळे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांमध्ये ही खुंटी आणि स्प्रिंग कमजोर होती. किल्ली चालत्या गाडीत आपोआप मागच्या खटक्यावर यायची. इंजिन बंद, स्टेअरिंग आणि ब्रेकची मदत बंद, आणि एअरबॅगलाही वीज नाही. स्विच फिरवायला किमान १५ न्यूटन-सेंटिमीटर पीळ लागावा असं कंपनीचंच मानक होतं, प्रत्यक्षात पुष्कळ स्विच त्याखाली होते. आता आपलं जुडगं बघा. १५० ग्रॅमचं जुडगं किल्लीच्या अक्षापासून ३ सेंटिमीटरवर लोंबलं तर नुसत्या वजनाने सुमारे साडेचार न्यूटन-सेंटिमीटर पीळ पडतो. खड्ड्यात त्याचा तिप्पट झटका बसला तर तेरापर्यंत जातो. कंपनीने पुढे स्विचमधली खुंटी बदलली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे जुना-नवा फरक कागदावर दिसेनासा झाला. एका अपघाताच्या खटल्यात पीडितांच्या बाजूच्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच खोलून शेजारी ठेवले, तेव्हा नव्यातली खुंटी लांब असल्याचं उघड झालं. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सुरुवातीला सुचवलेला एक उपाय तर किल्लीच्या डोक्यातली लांब फट बुजवून तिथे लहान भोक ठेवण्याचा होता, म्हणजे रिंग बाजूला सरकू नये आणि तरफेची लांबी कमी व्हावी.

आपल्याकडे घाट उतरताना इंधन वाचवायला इंजिन बंद करणारे लोक अजून भेटतात. तेव्हा हाताने आपण तेच करत असतो. ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, साठलेला निर्वात दोन-तीन दाबांत संपतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. चुकून किल्ली मागे जाऊन निघाली तर खिट्टी आपलं काम करायला तयारच असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना तसंही इंधन तोडतात.

मंडईबाहेर मिस्त्रींनी बॅटरीची काळी तार आधी सोडली. मग ड्रिलने पत्त्यांची रांग फोडून, पेचकसाने बॅरल फिरवून तो बाहेर काढला. तासभर गेला. एअरबॅगच्या गाडीत हे काम रस्त्यावर करू नये, आणि स्टेअरिंगच्या दांड्यावर छिन्नी-हातोडा तर कुठल्याच गाडीत चालवू नये, कारण धडकेत दबून जाण्यासाठी तो दांडा मुद्दाम नाजूक जोडांनी बांधलेला असतो. दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून नवा बॅरल आणला. त्यांनी विचारलं, पत्त्या आठ आहेत, तीन काढून टाकू का, म्हणजे किल्ली कधी अडणार नाही. मी नको म्हटलं. प्रत्येक पत्तीच्या चार उंच्या धरल्या तर कागदावर आठ पत्त्यांच्या ६५,५३६ रचना होतात, पाचांच्या फक्त १,०२४. मग त्यांनी कपाटातल्या जुन्या किल्लीच्या क्रमांकावरून नवी कातून आणली आणि तिच्या खोल्यांप्रमाणे एकेक पत्ती चिमट्याने बॅरलमध्ये बसवली. दारांचीही किल्ली तीच राहिली.

जुन्या पत्त्या मी मागून घेतल्या. नव्या पत्तीशेजारी धरून पाहिलं तर खिडकीची एक कड गोल झाली होती, नखाने चाचपली तरच कळेल इतकी. वडिलांनी त्याच दिवशी जुडग्यातून घराच्या, कपाटाच्या आणि सोसायटीच्या किल्ल्या काढून वेगळ्या रिंगमध्ये घातल्या.