शंकर गुहा नियोगी

नियोगी, शंकर गुहा (१४ फेब्रुवारी १९४३–२८ सप्टेंबर १९९१). छत्तीसगडमधील खाण कामगारांचे नेते. मूळ नाव धीरेश. बंगाली कुटुंबातून भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला आले; कामगार चळवळीमुळे ती नोकरी गेली. पुढे दानीटोला येथील क्वार्टझाइटच्या खाणीत मजुरी केली आणि तिथल्याच आशा यांच्याशी लग्न केले. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास झाला.

दल्ली-राजहरा येथील लोहखाणी भिलाईला खनिज पुरवतात. तिथे कायम कामगारांच्या तुलनेत कंत्राटी मजुरांना अगदी तुटपुंजा बोनस मिळे. मान्यताप्राप्त संघटनांनी बोनसचा हा करार मान्य करताच मजूर चिडून बाहेर पडले, आणि १९७७ मध्ये नियोगींच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी भत्ता मिळावा, ही त्यांची एक मागणी होती. २ जूनच्या रात्री नियोगींना अटक झाली. त्यावरून पेटलेल्या संघर्षात २ आणि ३ जूनला पोलिसांच्या गोळीबारात ११ जण मारले गेले.

संघटनेने कामगाराच्या आठ तासांपुरते न पाहता पूर्ण चोवीस तासांची काळजी वाहावी, असा नियोगींचा आग्रह होता. त्यांचे खरे वेगळेपण यातच आहे. ‘संघर्ष आणि निर्माण’ ही त्यांची घोषणा होती. दारूविरोधी मोहीम, शाळा, आणि सर्वांत मोठे काम म्हणजे शहीद रुग्णालय. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून उभारलेले हे रुग्णालय ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातील मृतांच्या स्मृतिदिनी सुरू झाले. डॉ. विनायक सेन यांच्यासारख्या डॉक्टरांनी त्याच्या उभारणीत साथ दिली.

खाणींत यंत्रे आली की आधी बायकांचे काम जाते, हे ओळखून संघाने यंत्रांना सरसकट विरोध न करता अर्ध-यांत्रिकीकरणाची पर्यायी योजना मांडली. व्यवस्थापनाशी आकडेवारीच्या बळावर वाद घालणाऱ्या कामगार संघटना तेव्हा विरळाच होत्या. नियोगींच्याच छत्तीसगड मुक्ती मोर्चा या संघटनेच्या लाल-हिरव्या झेंड्याखाली कामगार आणि शेतकरी एकत्र आले. १८५७ च्या उठावात फाशी गेलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह यांची स्मृतीही मोर्चाने जागवली.

१९९० पासून भिलाईतील खासगी कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांचा लढा त्यांनी हाती घेतला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, झोपेत असताना, खिडकीतून गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत आंदोलक कामगारांवर पुन्हा गोळीबार झाला. हत्येच्या खटल्यात दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये उद्योगपतींसह सहा जणांना दोषी धरले. उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळ्या झाडणाऱ्या पल्टन मल्लाहला दोषी ठरवून जन्मठेप दिली.