पाण्यातील औषधांश व प्रसाधनद्रव्ये

घरात, दवाखान्यात आणि गोठ्यात वापरलेली औषधे, तसेच साबण, शाम्पू, टूथपेस्ट, सनस्क्रीन, अत्तरे यांतील रसायने सांडपाण्याबरोबर नदी, तलाव आणि भूजलात उतरतात. त्यांना मिळून औषध व प्रसाधन प्रदूषके किंवा इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'पीपीसीपी' म्हणतात. ख्रिश्चन डॉटन आणि थॉमस टर्नेस यांच्या १९९९ मधील लेखापासून हे नाव रूढ झाले.

पाण्यात ही द्रव्ये लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम एवढीच असतात. हे प्रमाण समजायला सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात फिरणारा १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणावा. त्यात डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची ५० मिलिग्रॅमची एकच गोळी विरघळली, तर लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम होतात. पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. मात्र एवढ्याच मात्रेत २८ दिवस ठेवलेल्या ट्राउट माशांच्या मूत्रपिंडांना आणि कल्ल्यांना इजा झाल्याचे जर्मनीतील प्रयोगात २००४ मध्ये दिसले.

गोळी पाण्यात कोणी मुद्दाम टाकत नाही. ती माणसाच्या अंगातून जाते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, घेतली तशीच लघवीवाटे बाहेर पडते. मलमांचा हिशोब आणखी वेगळा. रात्री आजी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचे मलम चोळतात. त्यातले शंभरात सहा-सात भाग कातडीतून आत जातात. उरलेले लुगड्याला आणि पांघरुणाला लागते, सकाळी अंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत जाते. मोरीतून गटार, गटारातून नाला, नाल्यातून कृष्णा.

सांगलीत या वाटेचे नाव शेरी नाला. शहराचे मैलापाणी वाहून नेणारा हा नाला अनेक वर्षे सांगलीकरांच्या तक्रारीचा विषय आहे. मिरज तर दवाखान्यांचे गाव. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयापासून इथे दूरदूरचे रुग्ण येत आले. रुग्णालयांच्या सांडपाण्यात प्रतिजैविके, कर्करोगावरची औषधे आणि एक्स-रे तपासणीसाठी टोचलेली आयोडीनयुक्त द्रव्ये असतात. तरीही सगळा दोष दवाखान्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. शहरी सांडपाण्यातील औषधांचा मोठा वाटा घराघरांतूनच येतो, असे बहुतेक अभ्यास सांगतात. सांगलीच्या वरच्या अंगाला वाई, सातारा, कराड ही गावेही याच खोऱ्यात आहेत. उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे पाणी तुंबते, प्रवाह मंदावतो आणि जे मिसळले ते पातळ व्हायला पाणीच कमी पडते.

नदीत मासे मरून वर आले की काठावर गर्दी होते, नमुने घेतले जातात. मासे असे मरतात ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्याने. औषधांशांचा घात असा दिसत नाही, आणि मला तेच अधिक काळजीचे वाटते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ अशी तीन वर्षे गर्भनिरोधक गोळीतील एथिनिलइस्ट्राडायॉल लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम एवढेच राखले होते. नर माशांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची त्या तलावातील संख्या जवळजवळ संपली. एकही मासा विषाने तडफडून मेला नाही. पुढची पिढीच आली नाही.

प्रतिजैविकांचा धोका माणसापर्यंत येतो. जंतू मरण्याइतकी मात्रा नसली, तरी तिच्या कितीतरी पट कमी मात्रेतही औषधाला दाद न देणारे जंतू तग धरतात आणि वाढतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी हाताळणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पिण्याच्या पाण्यातून थेट विषबाधेची भीती मात्र बाळगू नये. तिथे सापडणारे प्रमाण उपचाराच्या मात्रेहून हजार पटींनीही कमी असते, त्यामुळे माणसाला लक्षणीय अपाय होण्याची शक्यता फारच कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये म्हटले.

आपली नेहमीची जलशुद्धीकरण पद्धत या कामासाठी बनलेलीच नाही. पावसाळ्यात जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, आलेले तांबडे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन तुरटी ढवळली की पाचेक मिनिटांत मातीचे पुंजके धरतात, मग सावकाश तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी राहते. गढूळपणा गेला, पण पाण्यात विरघळलेले औषध त्या नितळ पाण्यातच राहते. वाळूच्या गाळणीला ते सापडत नाही. टीसीएल ही क्लोरीनची पावडर जंतू मारते. क्लोरीनने काही औषधे बदलतात, काही तशीच राहतात.

मैलापाणी केंद्रातील जीवाणू पॅरासिटामॉल, कॅफिन, आयब्युप्रोफेन बऱ्यापैकी फस्त करतात. गाळ टाकीत जितके अधिक दिवस राहतो, तितके हे काम चांगले होते. सिप्रोफ्लॉक्सासिन मुख्यतः गाळाला चिकटते. तो गाळ शेतात खत म्हणून पडला तर औषधही शेतात जाते. मिरगीवरचे कार्बामाझेपिन मात्र हटत नाही. उलट यकृताने शर्करेशी जोडून बाहेर टाकलेले त्याचे रेणू जीवाणू पुन्हा सुटे करतात, त्यामुळे कधी केंद्रात येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यातच ते जास्त भरते. डायक्लोफेनॅक उथळ, स्वच्छ पाण्यात उन्हाने फुटते. गढूळ नाल्यात ऊन खाली पोचतच नाही.

खात्रीचे उपाय दोन: ओझोन वायू आणि सक्रिय कोळसा, म्हणजे द्रव्ये चिकटवून घेणारा सूक्ष्म छिद्रांचा कोळसा. ओझोन डायक्लोफेनॅक आणि कार्बामाझेपिन झपाट्याने मोडतो, आयोडीनयुक्त द्रव्यांपुढे त्याचे फारसे चालत नाही. पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्यापासून घातक ब्रोमेटही बनते, म्हणून मात्रा सांभाळावी लागते. मोडलेल्या औषधांचे तुकडे जीवाणूंनी संपवावेत म्हणून ओझोननंतर वाळूची गाळणीही लागते. सक्रिय कोळशाची भुकटी लिटरमागे १०-२० मिलिग्रॅम टाकली तरी बरीच औषधे तिला चिकटतात. नारळाच्या करवंटीप्रमाणे उसाच्या चिपाडापासूनही असा कोळसा करता येतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ही वाट चाचपायलाच हवी. आरओचा पडदा बहुतेक औषधे अडवतो, पण अडवलेले सगळे टाकाऊ पाण्यात जाते आणि घरच्या यंत्राचे ते पाणी पुन्हा मोरीतच सोडतात.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून सुमारे शंभर मैलापाणी केंद्रांना ओझोन किंवा कोळशाचा हा वाढीव टप्पा जोडण्याचा कायदा लागू केला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने या टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध व प्रसाधन उत्पादकांवर टाकला. भारतात २०२० च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या उरल्या नाहीत. ही माघार चुकीची होती. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकेने घरपट्टीच्या जोरावर ओझोनचे संयंत्र उभारावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. माल विकून नफा कमावणाऱ्याने भार उचलला पाहिजे.

शेरी नाल्याचे पाणी उपसून धुळगाव या गावी नेण्याची आणि प्रक्रियेनंतर शेतीला देण्याची योजना आखली गेली. नदीवरचा भार हलका होतो, म्हणून असा पुनर्वापर चांगलाच. पण अशा पाण्यावरच्या पिकांत पालेभाज्या सर्वांत नाजूक: कार्बामाझेपिन मुळांवाटे वर चढते आणि पानांतून पाणी उडून जाताना तिथेच साचते. इस्रायलमध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर वाढवलेला भाजीपाला खाणाऱ्या निरोगी माणसांच्या लघवीत ते वाढल्याचे २०१६ मध्ये नोंदले गेले. ऊस, ज्वारी किंवा चाऱ्याला असे पाणी देणे, आणि मेथी-कोथिंबिरीचे वाफे विहिरीच्या पाण्यावर ठेवणे, एवढे तर शेतकऱ्याला आजही करता येते.