छताच्या कोपऱ्यातील फट आणि घराखालची काळी माती

छताला तडा दिसला की पाया खचला, असा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर काढला जातो. परभणीला राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या उन्हाळ्यात फोनवर हीच भीती बोलून दाखवली, तेव्हा मी तिला एवढेच विचारले की भेग छताच्या मधोमध आहे की भिंतीला लागून, आणि ती खाली भिंतीत उतरते का.

हे विचारण्याचे कारण असे, की छतावरील बहुतेक भेगांचा पायाशी संबंध नसतो. जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेषा गिलावा वाळताना आकसल्याच्या असतात. सळईच्या रेषेत सरळ जाणारी, तपकिरी डाग असलेली आणि ठोकल्यावर पोकळ वाजणारी भेग गंजाची असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक भरत असल्याने तो काँक्रीट आतून फोडतो. अशी भेग धोक्याची खरी, पण तिचे मूळ स्लॅबमध्येच असते. गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅबला लागून भिंतीत आडवी धावणारी भेग उन्हाची असते, कारण १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला की सुमारे ३ मिलिमीटर लांबतो आणि खालची भिंत तेवढी लांबत नाही.

मावशीच्या घरची भेग यांपैकी कोणतीच नव्हती. नैऋत्येच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून ती तिरपी निघून वर जात होती, वर जाताना रुंदावत होती, आणि छताच्या कोपऱ्यात भिंत व स्लॅब यांच्यामध्ये रुपयाच्या नाण्याची कड शिरेल एवढी फट पडली होती. त्याच खोलीचे दारही चौकटीत अडकू लागले होते. ही तीन लक्षणे एकत्र दिसली, की जमिनीकडे पाहावे.

मराठवाड्यातील ती जमीन म्हणजे बेसॉल्ट खडक झिजून बनलेली काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते आणि सारी करामत त्याच्या रचनेत आहे. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा असून त्यात सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनाचा एक थर असतो. या मधल्या थरातील काही ॲल्युमिनियम आयनांची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असते. ॲल्युमिनियमचा प्रभार तीन आणि मॅग्नेशियमचा दोन, त्यामुळे पापुद्र्यावर ऋण प्रभार शिल्लक राहतो. तो भागवण्यासाठी सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन दोन पापुद्र्यांमध्ये येऊन बसतात, हे आयन पाण्याच्या रेणूंना जवळ ओढतात, आणि शिरणारे पाणी पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर सारते. एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटमधील पापुद्र्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे ८०० चौरस मीटरपर्यंत जाते, म्हणजे पाण्याला बसायला जागेची कमतरता नाही.

प्रयोगशाळेत याची परीक्षा फार सोप्या रीतीने घेतात. चाळलेल्या कोरड्या मातीचे १० ग्रॅमचे दोन नमुने दोन मोजपात्रांत टाकून एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओततात व २४ तास ठेवतात. रॉकेलच्या रेणूंना पाण्याच्या रेणूंसारखी धन-ऋण टोके नसल्याने तेथील माती फुगत नाही. पाण्यातील माती किती वर चढली ते तिच्याशी ताडून पाहतात.

आता हीच माती घराखाली आहे असे समजा. मधल्या भागावर फरशीचे झाकण असल्याने तेथील ओल वर्षभर फारशी बदलत नाही, परंतु कडेची माती उन्हाळ्यात वाळून आकसते. त्यामुळे घराच्या कडा आणि कोपरे खाली जातात, मधला भाग उंच राहतो, आणि भिंती वरच्या अंगाला फाकतात. मावशीच्या नैऋत्य कोपऱ्यालगत जुना कडुनिंब आहे. त्याच्या मुळांनी तेथील ओल अधिकच शोषली. कोपऱ्याबरोबर भिंत खाली गेली, स्लॅब मात्र आतल्या सळ्यांच्या जोरावर वरच राहिला, म्हणून फट नेमकी छताशी पडली. खचण्यातला असा फरक ३ मीटर अंतरात १ सेंटिमीटरपर्यंत गेला की भिंती तडकू लागतात, हे प्रमाण स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या अभियंत्यांनी १९५६ मध्ये अनेक इमारतींच्या नोंदींवरून मांडले होते.

दरम्यान वास्तुशास्त्र पाहणाऱ्या एकाने नैऋत्य कोपरा हलका झाल्याचे सांगून तेथे जड कपाट ठेवायला लावले. कपाटाने मातीतील पाणी कमीजास्त होत नाही, एवढेच याबद्दल म्हणता येईल.

गवंड्याला ती फट मे महिन्यातच सिमेंटने बुजवायची होती. पण सर्वाधिक रुंद असताना भेग कडक भरली, तर पावसाळ्यात माती फुगून भिंत वर येताना तिला मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. म्हणून ती न बुजवता, फट हलते का ते कळावे यासाठी आम्ही तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली. ऑगस्टमध्ये ती पट्टी तडकली, आणि ऑक्टोबरपर्यंत फट नखाला लागेल एवढी रेघ होऊन राहिली. झाड तोडण्याचा विचारही आम्ही सोडला, कारण ते एकाएकी गेले तर वर्षानुवर्षे वाळलेली माती पाणी पिऊन तोच कोपरा उचलून धरील. त्याऐवजी घराभोवती दीड मीटर रुंदीची उताराची फरशी घातली आहे आणि न्हाणीचे पाणी पायापासून दूर वळवले आहे. नवी पट्टी बसवली आहे. येता मे महिना तिने अजून पाहिलेला नाही.