इम्प्लांटची कॅप: आधी स्क्रू, मग सिमेंट, पुन्हा स्क्रू

गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला धातूचा आधार म्हणजे इम्प्लांट, आणि त्यावरचा कृत्रिम दात म्हणजे कॅप. आज इम्प्लांटवर कॅप 'चिकटवतात' असंच बहुतेकांना वाटतं. सुरुवातीला तसं नव्हतं. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेचना. हाड धातूला घट्ट धरून वाढलं होतं. या निरीक्षणावर उभा राहिलेला पहिला रुग्ण म्हणजे योस्टा लार्सन. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये ते वारले, तोवर ते इम्प्लांट काम देत होते.

ब्रोनेमार्कांच्या पद्धतीत दातांची पूर्ण रांग इम्प्लांटवर स्क्रूने आवळलेली असायची. डॉक्टरने स्क्रू सोडवले की रांग हातात. स्वच्छ करा, खालची हिरडी तपासा, पुन्हा बसवा. माझ्या मते त्या मूळ रचनेतला सर्वांत शहाणा भाग हाच होता.

ब्रोनेमार्कांचं काम जिथे मांडलं गेलं त्या १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर हे तंत्र उत्तर अमेरिकेत झपाट्याने पसरलं आणि मागणी बदलली. सगळे दात गेलेल्यांच्या जोडीला एकच दात गेलेले लोक येऊ लागले. एकट्या दाताच्या कॅपचा स्क्रू त्या काळात वारंवार ढिला पडायचा. पुढच्या दातात इम्प्लांट थोडा जरी तिरका गेला, तरी स्क्रूचं भोक नेमकं ओठाच्या बाजूला उघडं पडायचं. शिवाय स्क्रूने आवळायचं काम तंतोतंत बसावं लागतं. सिमेंटचा पातळ थर मात्र बारीकसारीक फरक सामावून घेतो. दंतवैद्यांच्या हाताला सिमेंटची सवय होतीच. झिंक फॉस्फेट एकोणिसाव्या शतकापासून वापरात होतं, आणि लंडनमध्ये अॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनी तयार केलेलं ग्लास आयोनोमर हे सिमेंट १९७० च्या दशकात आलं होतं. मग घासून तयार केलेल्या दातासारखा दिसणारा खुंट, म्हणजे अबटमेंट, इम्प्लांटवर आवळायचा आणि त्यावर नेहमीसारखी कॅप चिकटवायची, ही रीत पडली. काम सोपं झालं, कॅपवर भोक राहिलं नाही, रुग्णही खूश.

फक्त इम्प्लांटची मान ही दाताची मान नव्हे, याचा पुरेसा विचार झाला नाही. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात, तंबूचे दोर खुंट्यांना बांधावेत तसे. कॅप दाबताना बाहेर आलेलं सिमेंट या तंतूंपाशी बरंचसं अडतं. टायटॅनियममध्ये तंतू असे रुतत नाहीत. ते त्याच्या कडेने उभे किंवा गोल फिरून जातात. त्यामुळे दाबाखालचं सिमेंट सरळ खाली, हाडाच्या दिशेने सरकू शकतं. त्यात कॅपची कड दिसू नये म्हणून ती हिरडीखाली खोल ठेवलेली. तिथे नजर पोचत नाही, अवजार जेमतेम पोचतं. एक्स-रेवर भरवसा ठेवावा, तर काही सिमेंट त्यात उमटतच नाहीत, आणि जी उमटतात तीही धातूच्या पुढे किंवा मागे असली की झाकली जातात.

या अडकलेल्या कणांवर जंतूंचा थर साचतो, हिरडीतून रक्त किंवा पू येतो, आणि दुखणं वाढलं की इम्प्लांटभोवतीचं हाड झिजतं. हा संबंध ठळकपणे पुढे आणला तो अमेरिकेतल्या थॉमस विल्सन यांच्या २००९ च्या अभ्यासाने. दुखऱ्या इम्प्लांटभोवती त्यांनी बारीक एंडोस्कोप, म्हणजे आत पाहायची दुर्बीण, घालून पाहिलं. ४२ पैकी ३४ ठिकाणी जादा सिमेंट सापडलं. ते काढल्यावर सुमारे तीन चतुर्थांश ठिकाणची लक्षणं गेली. कॅप बसवल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा काळ चार महिन्यांपासून नऊ वर्षांहून अधिक होता. नऊ वर्षांनी हिरडी सुजली, तर कॅप बसवल्याच्या दिवसाची आठवण रुग्णाला कशी व्हावी? वर्षानुवर्षं ब्रश नीट न केल्याचं बोलणं अशा माणसांनी ऐकलं असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लिथुआनियातल्या टोमास लिंकेविचुस यांच्या चमूनेही दाखवून दिलं की कॅपची कड हिरडीखाली जितकी खोल, तितकं न दिसणारं सिमेंट जास्त उरतं.

त्यानंतर काम बदललं. कड हिरडीच्या पातळीजवळ आणणं, एक्स-रेत दिसणारं सिमेंट निवडणं, ते अगदी थोडं भरणं, कॅप तोंडात बसवण्याआधी बाहेरच तिच्या मापाच्या साच्यावर दाबून जादा सिमेंट काढून टाकणं, असे उपाय रुळले. मोठा बदल मात्र लॅबमध्ये झाला. झिरकोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची कॅप टायटॅनियमच्या छोट्या बैठकीवर तोंडाबाहेर, टेबलावर चिकटवायची, उजेडात सगळं सिमेंट पुसायचं, आणि मग तो जोड तोंडात स्क्रूने आवळायचा. तिरक्या इम्प्लांटसाठी स्क्रूचा मार्गही आता काही अंशांनी वळवता येतो, त्यामुळे ओठाकडच्या भोकाची जुनी अडचण बरीच कमी झाली. सिमेंट लावून बसवायच्या कॅप आजही आहेत, आणि कड वर ठेवून जपून केलं तर त्या नीट टिकतातही.

दाढेच्या कॅपवर मधोमध किंचित वेगळ्या छटेचा गोल ठिपका दिसला, तर तो बहुधा स्क्रूचा मार्ग असतो. वर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, खाली टेफ्लॉनची पट्टी, त्याखाली स्क्रू. कधी कॅप काढायची वेळ आली, की डॉक्टर तिथूनच आत शिरतात.