साध्या गाडीने आउटबॅक प्रवास (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, जवळपास निर्मनुष्य भागाला आउटबॅक म्हणतात, आणि तिथून फोर व्हील ड्राइव्ह न घेता रोजच्या वापरातल्या टू व्हील ड्राइव्ह कारने हजारो किलोमीटर जायचं, तो हा प्रवास. आउटबॅक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लाल माती आणि टपावर पेट्रोलचे कॅन बांधलेली मोठी जीप येते, पण मुख्य हायवे कधीच डांबरी झालेत. दक्षिणेकडून पूर्व-पश्चिम जाणारा आयर हायवे १९७६ मध्ये पूर्ण डांबरी झाला, देशाच्या मधून उत्तर-दक्षिण जाणारा स्टुअर्ट हायवे १९८७ मध्ये, त्यामुळे डार्विन ते पोर्ट ऑगस्टा हे साधारण २,७०० किमी अंतर चांगल्या कंडिशनमधली छोटी हॅचबॅकसुद्धा आरामात कापते. उलुरू या प्रचंड लाल खडकाकडे जायला स्टुअर्ट हायवेवरच्या एर्लडंडाला वळायचं, तिथून पुढचा साधारण २५० किमीचा लॅसेटर हायवेही डांबरीच आहे. फक्त एवढ्यासाठी महागडी फोर बाय फोर भाड्याने घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

डांबर नव्हतं तेव्हाही लोक साध्याच गाड्या घेऊन जायचे. हॅरी डटन आणि मरे ऑंजर यांनी १९०८ मध्ये टॅल्बट कारने ॲडलेडहून डार्विन गाठलं, आदल्या वर्षीचा त्यांचा प्रयत्न अर्ध्यात फसला होता तरी परत गेले. १९५३ ची रेडेक्स ट्रायल ही देशभर फिरणारी शर्यत केन टबमनने जिंकली ती प्यूजो २०३ मध्ये, म्हणजे घरगुती वापराच्या गाडीतच.

खरी परीक्षा असते अंतराची. पेट्रोल, जेवण आणि झोपायची सोय एकाच ठिकाणी देणारी रोडहाउस असतात पण ती लांब लांब, स्टुअर्ट हायवेवर कूबर पेडी ते ग्लेंडॅम्बो मधे जवळपास २५० किमी पेट्रोलच नाही. त्यामुळे टाकी अर्धी झाली की दिसेल त्या पंपावर भरायची, भाव जास्त वाटला तरी. बऱ्याच पंपांवर साध्या अनलेडेडऐवजी ओपल नावाचं पेट्रोल मिळतं, आदिवासी वस्त्यांमधलं पेट्रोल हुंगायचं व्यसन थांबावं म्हणून ते २००५ पासून आणलं, साध्या गाडीला बिनधास्त चालतं. आयर हायवेवरच्या नलारबॉर या सपाट माळरानाच्या भागात बॅलाडोनिया आणि काइगुना यांच्या दरम्यान १४६.६ किमी एकही वळण नाही, तिथे स्टिअरिंग नुसतं धरून बसायचं असतं आणि झोप कधी लागते कळत नाही, म्हणून दोन तासांनी थांबायचंच.

दुसरा धोका जनावरांचा. सूर्य कलला की कांगारू रस्त्याकडेच्या गवतावर येतात, हेडलाइट पडला की थिजतात नाहीतर नेमके गाडीपुढेच उडी मारतात. कुंपण नसलेल्या भागात गाईगुरंही रस्त्यावर असतात. छोट्या कारला पुढे बुलबार, म्हणजे धडक झेलणारा लोखंडी सांगाडा, नसतो, एका धडकेत रेडिएटर फुटतो, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. जनावर समोर आलंच तर सरळ ब्रेक मारायचा, स्टिअरिंग झटकन फिरवलं की गाडी उलटते.

रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर ओढणारा ट्रक, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. तो समोरून गेला की आधी हवेचा धक्का बसतो, मग छोटी गाडी त्याच्याकडे ओढली जाते, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजेत. ओव्हरटेकला पुढचा एक-दीड किलोमीटर रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाहेर निघू नये.

डांबर सोडलं की गणित बदलतं. साउथ ऑस्ट्रेलियातला मारी ते मार्ला हा साधारण ६२० किमीचा ऊडनाडाटा ट्रॅक कोरड्या दिवसांत अनुभवी लोक साध्या गाडीने करतात, पण पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर टायर आणि सस्पेन्शन पार खिळखिळं होतं, आणि थोडा पाऊस पडला तरी चिखल होऊन रस्ता बंद. भाड्याच्या टू व्हील ड्राइव्हला बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर इन्शुरन्सच देत नाहीत. सिम्प्सन वाळवंट तर या गाड्यांसाठी नाहीच.

गावं सोडली की मोबाइलला रेंज नसते. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबायचं, पाणी भरपूर ठेवायचं, चालत मदत शोधायला निघालेली माणसं उन्हाने गेली आहेत आणि त्यांची गाडी मात्र आधी सापडली आहे.

पश्चिमेकडे जाताना वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर फळं, भाज्या, मध काढून घेतात, उलट येताना साउथ ऑस्ट्रेलियातल्या सेडूनाला फळं-भाज्यांची तपासणी होते, तेव्हा घरून बांधून आणलेली फळं त्याआधीच संपवायची. समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो, तो तिथला नमस्कार, आपणही बोट वर करायचं.